येळवशीची आदली रात्र

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहर दुपारी शेतात जेवायला गेलेलं असतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे. जिल्हा प्रशासन बहुतेक दर वर्षी या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतं. लातूर, धाराशिव, नांदेडचे कर्नाटकाला लागून असलेले तालुके आणि हद्दीपलीकडचे बीदर, कलबुर्गी, एवढ्या पट्ट्यात वेळ अमावस्या साजरी होते. आमच्या तोंडी ती येळवस. ज्याचं स्वतःचं शेत नाही, त्याला दोन-तीन ठिकाणची बोलावणी असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यातले चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव, बांधावरची पंगत याबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलेलं आहे. मला सांगायचं आहे ते आदल्या रात्रीबद्दल, कारण पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक त्या रात्री उभा राहतो.

आमचं गाव औसा तालुक्यात. संध्याकाळपासून माणसं यायला लागतात. नांदेडकडची मंडळी लोहा, अहमदपूर, चाकूर करत येतात. त्याच सुमारास रस्त्यावरच्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरत असल्याने त्यांना हमखास उशीर होतो. मोठी काकू दारातूनच विचारते, "किती जण येऊलालेत?" उत्तर कुणी दिलं तरी ती त्यावर विसंबत नाही. शेतात गेल्यावर रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं, ही येळवशीची रीत आहे. त्यामुळे अंदाज घरच्या माणसांवरून बांधता येत नाही. काकू धान्यावरून उलटा हिशेब करते: एवढं पीठ आहे, एवढ्या भाकरी होतील, कमी पडलं तर पिठाचे उंडे वाढवू.

अंगणात ताडपत्री पसरून शेंगांचा ढीग ओततात. तूर, पावटा, वाल, वाटाणा आणि हरभऱ्याचे घाटे. या दिवशीच्या भाजीचं, म्हणजे भज्जीचं, खरं काम हे सोलणं. पाटीभर तुरीच्या शेंगा सोलल्या तर पातेल्याचा जेमतेम तळ झाकतो. बोटांना हिरवट काळपट चिकटा बसतो आणि नखांखाली सल धरते. एकटीदुकटीच्या हातून हे होणारं नाही. म्हणून आलेल्या प्रत्येकाने, पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्यापासून आठवीतल्या भाच्यापर्यंत, चहाचा कप ठेवला की ताडपत्रीवर बसायचं. हा नियम काकूने लावला आणि मला तो फार मोलाचा वाटतो. सण सगळ्या घराचा, सुट्टी सगळ्यांना, पण चुलीपुढच्या बायकांना त्या रात्री झोपही नाही, असं वर्षानुवर्षं चालत आलं. जेवायला यायचं असेल तर आदल्या रात्री यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओले दाणे, मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, कांद्याची आणि लसणाची पात, गाजर, वांगं, बोरं, शेंगदाणे यांना चिंचेचा कोळ आणि बेसन लावून केलेली ती हिरवी, आंबट, दाट भाजी. चार माणसांची भज्जी कुणालाही जमेल. साठ जणांची भज्जी म्हणजे तीच पंधरा पट केलेली नव्हे. मोठ्या पातेल्यात मसाल्याचे, मिठाचे, पाण्याचे हिशेब बदलतात. पाणी त्या मानाने कमी आटतं. मीठ पहिल्यांदा निम्मंच पडतं आणि शेवटी एकाच जिभेने ठरवायचं असतं. दहा जण चव सांगायला लागले तर भाजी खारट झालीच म्हणून समजा.

पहिल्यांदा दाणे. ते पूर्ण मऊ झाल्याशिवाय चिंचेला हात लावू देत नाहीत. "चिच आत्ताच टाकू नको, दाणे ताठ राहतेत," असं काकू दर वर्षी एखाद्या नव्या सुनेला सांगते. आंबटाच्या पाण्यात डाळी-दाणे शिजायला फार वेळ घेतात, आणि एवढ्या मोठ्या भांड्यात ती चूक नंतर दुरुस्त होत नाही. मग पाला. मग लसूण, जिरं, हिरवी मिरची ठेचलेली. सगळ्यात शेवटी बेसन, तेही गार पाण्यात कालवून, गुठळी मोडून, बारीक धारेने. इथे दोघी लागतात. एक ओतते, दुसरी लांब दांड्याचं लाकडी उलथनं तळाला टेकवून फिरवत राहते. बेसन खाली बसतं आणि एकदा का तळ लागला, की तो वास वरपर्यंत येतो. अशा वेळी तळ खरवडायचा नाही. वरची भाजी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायची.

भज्जी उतरवायची कधी, हा खरा कसबाचा प्रश्न. ती चुलीवर बरोबर दाट दिसली, तर दुपारी शेतात पोचेपर्यंत तिचा गोळा होतो. बेसन गार होताना पाणी ओढून घेतं. म्हणून उतरवताना ती आमटीसारखी पातळ हवी. नवख्याला वाटतं, बिघडली.

जाळाचंही शहाणपण असतं. तुराट्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात. तवा तापवायला त्या चांगल्या, मोठ्या पातेल्याखाली बाभळीचं ओंडकं लागतं.

पण साठ माणसांच्या स्वयंपाकात सगळा गाडा अडतो तो भाकरीपाशी. भाजी एका पातेल्यात होते; भाकरी एका तव्यावर एकच होते. शंभर-सव्वाशे भाकरी एका चुलीवर करायच्या म्हटल्या तर रात्र पुरत नाही. म्हणून शेजारच्या तीन-चार घरी पीठ जातं आणि पहाटे तिथून टोपल्या येतात. बाजरीची भाकरी गार झाल्यावर कडक होते, तरी येळवशीला ती हवीच. वरून तीळ थापलेली. उरलेली उणीव उंड्यांनी भरून निघते. ज्वारी-बाजरीच्या पिठाचे हे वाफवलेले गोळे लहान पोरंही वळतात आणि एका वाफेत पातेलंभर होतात. आमच्या आज्यांनी उंडे का ठेवले असतील, हे त्या गर्दीत बसल्यावर मला कळलं.

आंबील मात्र सगळ्यांच्या आधी उरकलेली असते. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून पुरतं गार करायचं, मगच ताकात कालवायचं. गरम पीठ पडलं की ताक फुटतं. ठेचलेला लसूण, मीठ, कोथिंबीर घालून मातीच्या बिंदग्यात रात्रभर ठेवली की ती आंबटसर होते आणि मडक्यामुळे दुपारच्या उन्हातही गार राहते. सकाळी बिंदग्याला फडकं बांधून ते डोक्यावर शेतात जातं. बाकीचं आता ट्रॅक्टरमधून जातं, बिंदगं अजून नाही.

या सगळ्या पदार्थांमागे शेतच आहे. डिसेंबर-जानेवारीत वावरात जे ओलं असतं तेच पातेल्यात पडतं. म्हणून दुष्काळ भज्जीत लगेच दिसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी, जानेवारीतल्या येळवशीला आमच्याकडे हरभरा वीतभरही वाढलेला नव्हता आणि दाणे, पाला सगळं बाजारातून आणलं होतं. दुसरा बदल दुष्काळाइतका ठळक नाही, पण जास्त टिकाऊ आहे. लातूर भागात खरिपाचं बरंचसं रान सोयाबीनने घेतलं. ज्वारी कमी झाली, तसा कोपीला लागणारा कडबाही कमी झाला. पावटा, वाल, चवळी यांचं मिश्र पीक बांधाबांधावरून गेलं. सोयाबीन विकून पैसा येतो, हे मला मान्य आहे. त्याशिवाय पोरांच्या शाळेच्या फिया भरता येत नाहीत. पण सोयाबीनची भज्जी होत नाही.

काकूने यावर स्वतःपुरता उपाय काढला आहे. मृगाच्या पेरणीला घरात सोयाबीनची बॅग येते तेव्हा ती पावट्याच्या आणि वालाच्या बियांची छोटी पुडी काकांच्या हातात देते. विहिरीकडच्या बांधाला तुरीच्या दोन तासांमध्ये ते बी टाकायचं, असं ठरलेलं आहे. पुढच्या येळवशीचा स्वयंपाक जूनमध्ये तिथून सुरू होतो. गेल्या खेपेला सोलायला बसलेल्या नांदेडच्या काकांनी उठताना विचारलं, की आमच्या रानासाठीही मूठभर बी राखून ठेवशील का. तिने वाळलेल्या शेंगांची एक जुडी तेव्हाच आढ्याला टांगली.