कॉलरवरचा गॅस डिटेक्टर

कामगाराने अंगावर बाळगायच्या सुरक्षा साधनांपैकी रासायनिक कारखान्यांत सर्वाधिक मोलाचा ठरतो तो कॉलरला अडकवायचा छोटा गॅस डिटेक्टर. अंबरनाथच्या मोरिवली व आनंदनगर आणि बदलापूरच्या माणकिवली व खरवई एमआयडीसींत, तसेच उल्हासनगरलगतच्या शहाडला, जिथे सेंच्युरी रेयॉन व्हिस्कोस धागा बनवते, विषारी आणि ज्वालाग्राही रसायनांशी रोजचा संबंध येतो.

व्हिस्कोसचा धागा गंधकाम्लाच्या कुंडात घट्ट होताना कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतात. सल्फाइडयुक्त सांडपाण्यात आम्ल मिसळले तरी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्या वासाच्या भरवशावर राहण्यात जिवाला धोका आहे. प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भाग) आसपास गेले की नाक बधिर होते, आणि गॅस ओसरला असे वाटत असतानाच माणूस कोसळू शकतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार आठ तासांच्या कामासाठी मर्यादा होती सरासरी १० पीपीएम.

हायड्रोजन सल्फाइडच्या डिटेक्टरमध्ये पातळ पडद्यातून गॅस आत झिरपतो, इलेक्ट्रोडवर त्याची रासायनिक क्रिया होते आणि गॅसच्या प्रमाणात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. ठरलेली पातळी ओलांडताच साधन थरथरते, किंचाळते, दिवा लुकलुकतो. ते नाकापासून फूटभराच्या आत हवे. कमरेच्या पट्ट्याला लावले तर श्वासातल्या हवेचे माप मिळत नाही. काही साधने कामगार पडून निश्चल राहिला तरी इशारा देतात.

नेहमीचा चार गॅसांचा डिटेक्टर ज्वलनशील वायू, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतो. कार्बन डायसल्फाइड मात्र त्याच्या हातून निसटतो. त्याची वाफ हवेत १.३ टक्के, म्हणजे १३,००० पीपीएम झाली की पेट घेऊ शकते. ज्वलनशील वायूचा इशारा या पातळीच्या दहा टक्क्यांवर लावला, तर तो १,३०० पीपीएमला वाजेल. त्याच अनुसूचीत श्वासासाठीची मर्यादा होती १० पीपीएम! शिवाय गंधकाची संयुगे ज्वलनशील वायूच्या सेन्सरलाच मंद करतात. तिथे अतिनील दिव्याने वाफेचे आयनीभवन करणारे वेगळे साधन लागते.

स्फोट रोखणे या साधनांच्या आवाक्याबाहेरचे आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले. अशा अपघाताला उत्तर टाकी वायुमुक्त, निर्धोक करण्याच्या पद्धतीतच शोधावे लागते.

टाकीत उतरताना तर डिटेक्टर आधी बाहेरच्या माणसाच्या हाती हवा. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायसल्फाइडची वाफ हे दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात, म्हणून नळीने वरची, मधली आणि तळाची हवा खेचून तपासावी लागते. कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ नुसार, सक्षम व्यक्तीने स्वतः हवा तपासून लेखी दाखला दिला नसेल, तर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा घालावाच लागे. दोराचे टोक बाहेर कोणीतरी धरलेले असते. एकाला वाचवायला दुसरा तसाच उडी मारतो आणि दोघेही जातात, ते हा दोर नसल्यामुळे.

सेन्सर दोन-तीन वर्षांत थकतो, ज्वलनशील वायूचा सेन्सर सिलिकोनच्या वाफेने त्याआधीही निकामी होतो, आणि पडद्यावर आकडा मात्र शून्यच दिसत राहतो. म्हणून शिफ्टच्या आधी ज्ञात प्रमाणाचा गॅस सोडून डिटेक्टर वाजतो का, हे पाहणे सक्तीचे हवे. टाक्या धुण्याचे काम बहुधा कंत्राटी कामगारांकडे असते. साधन कायम कामगारांपुरतेच राहिले तर ज्याला सर्वाधिक गरज तोच उघडा पडतो.

डिटेक्टर आणि आयनीभवनाचे ते वेगळे साधन दिवसभराचे आकडे साठवूनही ठेवतात. कार्बन डायसल्फाइडचा थोडाथोडा मारा वर्षानुवर्षे नसांवर आणि हृदयावर होतो. त्या आकड्यांची नोंद कारखान्याच्या डॉक्टरकडे कामगाराच्या तपासणीच्या कागदांसोबत गेली, तर हातापायांच्या मुंग्यांचे कारण वेळेत सापडते आणि कामाची जागा बदलता येते.