विश्लेषण : वटवाघूळ की मावा... पिकाचा मोठा शत्रू कोण?

नांदेड-लातूरकडे करडईवर मावा दिसला की फवारणीपंप बाहेर निघतो आणि पेरूच्या बागेत वटवाघळे उतरली की फटाके. दोघांचेही पोट झाडाच्या साखरेवर चालते. राग मात्र वटवाघळावर जास्त, कारण ते दिसते.

वटवाघूळ नेमके काय खाते?

वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळे पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरतात. पिकलेले फळ ती तोंडात चिरडतात, रस गिळतात आणि चोथा थुंकून टाकतात. सकाळी झाडाखाली पडलेला हा चोथा हीच त्यांची खूण. अर्धापूरकडे केळीचा घड हिरवा असतानाच कापला जातो, म्हणून तिथे त्यांच्या हाती फारसे लागत नाही. झळ बसते ती झाडावर पिकणाऱ्या फळांना. वड-उंबराच्या बियाही तीच दूरवर नेऊन टाकतात. मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होते.

मग मावा वेगळा कसा?

मावा सुईसारखी सोंड खुपसून झाडाचा अन्नरस ओढतो. त्या रसात साखर भरपूर, पण अमिनो आम्ले तुटपुंजी. ही उणीव त्याच्या शरीरात राहणारे बुखनेरा नावाचे जिवाणू भरून काढतात. जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर पडते, त्यावर काळी बुरशी चढते आणि पानाचे अन्न बनवण्याचे कामच मंदावते. शिवाय माद्या नराशिवाय थेट पिल्ले देतात, त्यामुळे बघता बघता शेंडे काळे पडतात. केळीवरचा मावा तर पर्णगुच्छ रोगाचा विषाणूही पसरवतो. वटवाघूळ तयार फळ नेते. मावा दाणा भरण्याआधीच झाडाची ताकद शोषतो.

उपाय काय?

करडईची पेरणी लांबली की मावा हमखास वाढतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले पीक बरेचसे निसटते. सुरुवात बांधाकडच्या ओळींपासून होते. त्याच वेळी तेवढी कडा फवारली, तर आतले मावा खाणारे ढालकिडे वाचतात. वटवाघळांसाठी घट्ट ताणलेली जाळी पुरते.

आणि कायदा?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. २०२२च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेले आणि १ एप्रिल २०२३पासून हा बदल लागू झाला. बागेत आले म्हणून वटवाघूळ मारण्याची जुनी मुभा त्यामुळे उरलेली नाही.