अटी पाळल्या, तरी पासवर्ड कच्चाच!

सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, बँक: परभणी जिल्ह्यात आज यातली बरीच कामं पासवर्डवर चालतात. 'एक कॅपिटल अक्षर, एक अंक, एक चिन्ह' ही अट तर सगळ्यांना पाठ झाली आहे. पण तिच्याबद्दलचे काही समज धोक्याचे आहेत.

गैरसमज: सगळ्या अटी पूर्ण केल्या की पासवर्ड भक्कम.
वस्तुस्थिती: जिल्ह्याचं नाव इंग्रजीत लिहा, पहिलं अक्षर कॅपिटल करा आणि पुढे '@123' जोडा. पासवर्ड सगळ्या अटींत बसतो. पण बहुतेक माणसं अटी अशाच पूर्ण करतात, हे चोरट्यांना ठाऊक आहे. त्यांचं सॉफ्टवेअर नाव, चिन्ह आणि ओळीनं आकडे हाच साचा आधी लावून पाहतं.

गैरसमज: चिन्हं घातली की लांबी कमी चालते.
वस्तुस्थिती: कीबोर्डवरची 94 अक्षरं, अंक आणि चिन्हं वापरून 8 जागांत जेवढ्या जुळण्या होतात, त्याच्या सुमारे 71 लाख पट जुळण्या नुसत्या 26 लहान अक्षरांच्या 16 जागांत होतात. म्हणून हळद, बोगदा, पतंग, तराजू असे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द स्वतः निवडून इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. म्हण किंवा अभंगाची ओळ नको. ती इतरांनाही पाठ असते.

गैरसमज: ठरावीक दिवसांनी बदलायला लावलं की सुरक्षा वाढते.
वस्तुस्थिती: सक्ती केली की माणूस 123 चं 124 करतो. अमेरिकेच्या 'एनआयएसटी' या संस्थेसाठी 2003 मध्ये असा सल्ला लिहिणाऱ्या बिल बर यांनी 2017 मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच वर्षी संस्थेनं चिन्हांची सक्ती आणि मुदतीचा बदल, दोन्ही नकोत असं सांगितलं. पासवर्ड फुटल्याचा संशय आला, तर मात्र तो लगेच बदला.

गैरसमज: पाथरी-पालमच्या खात्यांकडे कोण फिरकणार?
वस्तुस्थिती: एका संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड चोरट्यांचं सॉफ्टवेअर इतर ठिकाणीही लावून बघतं, ते गाव विचारत नाही. सेवा केंद्राच्या एका लॉगिनमागे कितीतरी शेतकऱ्यांची कागदपत्रं असतात. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा, जोडीला ओटीपी किंवा दुहेरी पडताळणी सुरू करा. फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा.

यंत्रणा चालवणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. त्यांनी किमान लांबी वाढवावी, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून कच्चे पासवर्ड नाकारावेत आणि चिन्हांची सक्ती सोडावी. नियम लोकांना खरंच सुरक्षित ठेवणारा हवा. नुसता फॉर्म पुढे सरकवणारा नको.