परदेशात मोबाइलचा डेटा : आकारणी कशी होते?

परदेशगमन ही आता मूठभर लोकांची बाब राहिलेली नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांचा आखाती देशांशी असलेला संबंध जुनाच आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत दाखल होतात, कृषी विभागाच्या योजनेतून शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे देशाबाहेर निघतात, हज आणि उमराहसाठी यात्रेकरू जातात. मुलाबाळांकडे अमेरिकेस किंवा इंग्लंडला चार-सहा महिने राहून येणारे सेवानिवृत्त शिक्षक तर तालुक्याच्या गावीही भेटतात. पारपत्र, व्हिसा, विमा, परकीय चलन यांची तयारी ही मंडळी महिनाभर आधीपासून करतात. खिशातील मोबाइलचा विचार मात्र बहुधा विमानतळावर सुचतो, आणि कित्येकदा तेथेही सुचत नाही. मग परतल्यावर हाती पडणारे देयक प्रवासाच्या खर्चाचा सारा अंदाज चुकवून टाकते. ते इतके मोठे का येते, हे समजण्यासाठी दोन देशांतील दूरसंचार कंपन्यांचा परस्पर व्यवहार पाहावा लागतो.

परक्या जाळ्यातील पाहुणा

प्रत्येक सिमकार्डात ग्राहकाचा एक ओळखक्रमांक नोंदलेला असतो. फोन लावण्याच्या दहा आकडी क्रमांकाहून तो वेगळा असतो. सामान्यतः १५ अंकी असलेल्या या क्रमांकाचे पहिले तीन अंक देश दर्शवितात. भारतासाठी ४०४ व ४०५, तर स्वित्झर्लंडसाठी २२८ हे अंक आहेत. झुरिकच्या विमानतळावर उतरून प्रवाशाने फोन सुरू केला की तेथील मनोऱ्याच्या यंत्रणेकडे हा क्रमांक पोहोचतो. पाहुणा भारतीय आहे हे ओळखून ती यंत्रणा भारतातील मूळ कंपनीकडे विचारणा करते : हा ग्राहक आपला आहे काय, आणि त्याला कोणकोणत्या सेवा द्यावयाच्या? होकार येताच पाहुण्याला प्रवेश मिळतो. हा सर्व व्यवहार काही क्षणांत उरकतो. यालाच रोमिंग म्हणतात. दोन कंपन्यांमध्ये तसा करार आधीच झालेला असेल, तरच ते शक्य होते.

ही कल्पना मोबाइलच्या आजच्या तंत्राइतकीच जुनी आहे. युरोपातील १३ देशांच्या दूरसंचार संस्थांनी ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे एकच समान पद्धती स्वीकारण्याच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालावा हा त्यामागील एक हेतू होताच. पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधील कंपन्यांत झाला. त्या काळी प्रश्न केवळ संभाषणाचा होता. डेटा पुढे आला, आणि देयकाचे स्वरूपच पालटले.

डेटाची वाट मोठी वळणाची असते. रोमिंगवरील प्रवाशाने केलेली मागणी सामान्यतः परदेशी कंपनी प्रथम भारतातील मूळ कंपनीच्या यंत्रणेकडे पाठविते. तेथून ती इंटरनेटवर जाते आणि उत्तरही त्याच मार्गाने परतते. झुरिकच्या स्थानकासमोर उभे राहून तेथीलच रेल्वेचे वेळापत्रक पाहणाऱ्या प्रवाशाची विचारणा अशा रीतीने भारतापर्यंत जाऊन येते. म्हणून फोन काहीसा मंद वाटतो. चीनमध्ये स्थानिक इंटरनेटवर बंद असलेली संकेतस्थळे परदेशी सिमकार्डावर उघडतात, याचेही कारण हेच.

हा लांबचा फेराच महागाईचे मूळ असावे, असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. परदेशी कंपनी आपल्या जाळ्याच्या वापरासाठी मूळ कंपनीकडून ठोक दराने रक्कम घेते. हा दर दोघींच्या करारात ठरतो. मूळ कंपनी त्यावर आपला आकार चढवून ग्राहकाला देयक देते. बिहारमधील रक्सौल आणि नेपाळमधील बीरगंज ही दोन गावे सीमेच्या अलीकडे व पलीकडे जवळजवळ लागून आहेत. रक्सौलच्या ग्राहकाने कन्याकुमारीच्या नातलगाला छायाचित्र पाठविले तर घरचा दर लागतो. त्याच ग्राहकाचा फोन बीरगंजच्या मनोऱ्याने धरला की परदेशी दर सुरू होतो. सीमेजवळ राहणाऱ्यांचा फोन तर कधी कधी घरबसल्या पलीकडच्या जाळ्यात शिरतो. किलोमीटरांचा आणि आकारणीचा मेळ येथे बसत नाही.

दहा किलोबाइटांचा हिशेब

विशेष योजना न घेता रोमिंगवर डेटा वापरल्यास कंपनीचा मूळ दर लागू होतो. तो पुष्कळदा दर १० किलोबाइटांना अमुक रुपये असा सांगितलेला असतो आणि तेथेच फसगत होते. उदाहरणादाखल हा दर ५ रुपये धरू. पाच रुपये ही रक्कम कोणालाही किरकोळ वाटेल. परंतु १ मेगाबाइट म्हणजे १,०२४ किलोबाइट. म्हणजे १ मेगाबाइटला सुमारे ५१२ रुपये झाले. १०० मेगाबाइटांना ५१,२०० रुपये. एवढा डेटा चांगल्या प्रतीची चित्रफीत पाहताना काही मिनिटांतच संपतो.

शिवाय प्रवाशाने फोनला हात लावलाच पाहिजे असे नाही. काढलेली छायाचित्रे फोन आपणहून दूरच्या साठ्यात पाठवितो, ॲप स्वतःला अद्ययावत करून घेतात, आणि गावाकडच्या गटावर सत्कारसमारंभाच्या पंधरा चित्रफिती आल्या तर त्याही आपोआप उतरतात. सत्काराचे हार गावात पडतात, त्यांचे मोल दुबईत मोजले जाते! या सर्व वापराच्या नोंदी परदेशी कंपनीकडून मूळ कंपनीकडे येतात व मग देयकात चढतात. त्यांना वेळ लागू शकतो, त्यामुळे देयकदार ग्राहकाला धोक्याची जाणीव उशिरा होते. प्रीपेड ग्राहकाची रक्कम संपली की सेवा थांबते. नुकसान तेवढ्यावरच आटोपते.

युरोपने काढलेला मार्ग

हे दर अपरिहार्य होते काय, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर युरोपीय संघाने दिले. संघाने २००७ मध्ये कायदा करून प्रथम संभाषणाच्या रोमिंग दरांना मर्यादा घातली. जुलै २०१० पासून डेटाचे देयक ५० युरोंवर गेले की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून सेवा खंडित करण्याचे बंधन आले. पुढे डेटाच्या किरकोळ दरालाही मर्यादा आली : २०१२ मध्ये मेगाबाइटला ७० सेंट, २०१३ मध्ये ४५ आणि २०१४ मध्ये २० सेंट. अखेरीस १५ जून २०१७ पासून संघातील ग्राहकाला दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने फोन वापरता येऊ लागला. २०२२ मध्ये ही व्यवस्था आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली, आणि कंपन्यांनी एकमेकींना लावावयाचा ठोक दर गिगाबाइटला २ युरोंपासून २०२७ मध्ये १ युरोपर्यंत उतरविण्याचा क्रम ठरवून देण्यात आला. २०१४ मधील किरकोळ मर्यादेने एका गिगाबाइटचे सुमारे २०० युरो होत होते, हे लक्षात घेतले म्हणजे पूर्वीच्या दरात प्रत्यक्ष खर्चाचा वाटा किती अल्प असावा, याची कल्पना येते.

भारतीय सिमकार्ड घेऊन युरोपात जाणाऱ्यास मात्र या कायद्याचा लाभ मिळत नाही. तो संघातील कंपन्यांच्या ग्राहकांसाठी आहे. भारतात रोमिंगचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. जुलै २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने यासंबंधी शिफारशी केल्या. आंतरराष्ट्रीय रोमिंग मूलतः बंद ठेवावे, ग्राहकाने मागितल्यावरच ते सुरू करावे, आणि वापर वाढत जाईल तसतसे संदेश पाठवून त्याला सावध करावे, असा त्यांचा रोख होता. युरोपप्रमाणे दराची कमाल मर्यादा नसल्यामुळे भारतीय प्रवाशाला आपली काळजी आपणच घ्यावी लागते.

निघण्यापूर्वीचा निर्णय

पहिला मार्ग म्हणजे आपल्याच कंपनीची रोमिंग योजना निघण्यापूर्वी घेणे. क्रमांक तोच राहतो, त्यामुळे वृद्ध प्रवाशांना हा मार्ग सोयीचा पडतो. योजना घेताना किमतीपेक्षा देशांची यादी बारकाईने पाहावी. जेथे विमान बदलावयाचे तो देश यादीत नसेल, तर दोन तासांच्या मुक्कामातही मूळ दर लागू शकतो. योजनेतील डेटा संपल्यावर सेवा थांबते की मूळ दराने चालू राहते, हेही कंपनीकडून लेखी विचारून घेणे इष्ट.

दुसरा मार्ग त्या देशातील सिमकार्ड घेण्याचा. महिना दोन महिने एकाच देशात राहणाऱ्यास तो बहुधा स्वस्त पडतो. अनेक देशांत त्यासाठी पारपत्र दाखवावे लागते. नव्या फोनमध्ये ई-सिमची सोय असल्यास कार्ड न बदलता दुसरी जोडणी घेता येते. परदेशी कंपन्यांची कार्डे भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी लागते. तेव्हा घरूनच खरेदी करताना विक्रेत्याकडे ती आहे ना, याची खात्री करावी. युरोपच्या सहलीत येथे एक खाचखळगा आहे. फ्रान्समध्ये घेतलेले कार्ड जर्मनीत व इटलीत वाजवी वापराच्या मर्यादेत घरच्या दराने चालते. नॉर्वे व आइसलंड संघात नसूनही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड, जेथे आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक सहल जाते, ते मात्र तिच्या बाहेर आहे. ब्रिटननेही २०२० अखेर ही व्यवस्था सोडली.

तिसरा मार्ग केवळ वाय-फायवर विसंबण्याचा. नकाशे आधी उतरवून ठेवले, तिकिटांच्या प्रती फोनमध्ये जपल्या, तर आठवडाभराच्या सहलीत एवढ्यावर भागते. सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

कोणताही मार्ग पत्करला तरी भारतीय क्रमांक पूर्णपणे बंद ठेवणे अडचणीचे ठरते. बँकेचा एकवेळचा संकेतांक त्याच क्रमांकावर येतो, आणि तो न आल्यास शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याचे शुल्कही अडून बसू शकते. म्हणून भारतीय कार्डावर रोमिंग सुरू ठेवून डेटा रोमिंग तेवढे फोनच्या सेटिंगमध्ये बंद करावे. ही दोन निराळी कळसूत्रे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. रोमिंगवर येणाऱ्या संदेशांना बहुतेक कंपन्या आकार घेत नाहीत. येणारा फोन उचलल्यास मात्र तो लागू शकतो. रोमिंगची मागणी भारतात असतानाच नोंदवावी, कारण परदेशात पोहोचल्यावर भारतातील तक्रार केंद्राशी बोलणे हेच एक काम होऊन बसते.

जहाजाने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. किनारा दूर गेला की जहाजावरील मनोरा उपग्रहामार्फत काम करू लागतो, आणि त्याचे दर जमिनीवरील दरांहून कितीतरी अधिक असतात. युरोपीय कायद्याची मर्यादाही त्यांना लागू नाही. विमानातही हाच प्रकार. फोनमधील विमान-स्थिती हे बटण अशा वेळी निश्चितपणे उपयोगी पडते.

परतल्यावर देयकाविषयी शंका आली तर प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. योजना सुरू झाल्याचा संदेश, प्रवासाच्या तारखा व पारपत्रावरील शिक्क्यांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. उत्तराने समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क आकारले जात नाही.