पेढ्याएवढं आणलं, भाकरीएवढं झालं

घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, असं कुणीतरी सांगतं. शंकराच्या देवळात दगडी कासवाला नमस्कार करतच आपण मोठ्या झालो, त्यामुळे ते लगेच पटतं. मग शहरात खरेदीला गेलं की माशांच्या दुकानातून एक हिरवं पिल्लू प्लॅस्टिकच्या डबीतून घरी येतं. डोळ्यामागे लाल पट्टा, आकार पेढ्याएवढा. मुलं खूश! दुकानदार सांगतो, ‘एवढंच राहतं हो ताई.’

मैत्रिणींनो, ते एवढंच राहत नाही. याचं नाव रेड इअर्ड स्लायडर. मूळ मुलूख अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. पूर्ण वाढलेली मादी दहा-बारा इंचांची, म्हणजे चांगली भाकरीएवढी होते. आयुष्य वीस-तीस वर्षांचं. चौथीतल्या मुलासाठी आणलेलं कासव त्याच्या लग्नातही घरात असू शकतं! टाकी लहान ठेवली की कासवही लहान राहतं, हा समज खोटा आहे. अडचणीत, उन्हाशिवाय ठेवलं तर त्याची पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते. बिचारं मुकाट सोसतं.

खुलताबादला आमच्या बचत गटात हा विषय निघाला, तेव्हा एकीने विचारलं, ‘हट्ट मुलांचा, पण पाणी कोण बदलतं?’ सगळ्या हसल्या. उत्तर ठरलेलं होतं. कासव खातं पाण्यात आणि घाणही पाण्यातच करतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात टबभर पाणी सारखं ओतून द्यायचं म्हणजे जिवावर येतं.

आणखी एक गोष्ट आईने लक्षात ठेवावी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी लहान मुलांना जुलाब, ताप होतो. अमेरिकेत याच कारणाने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली गेली. म्हणून हात लावला की साबणाने धुवायचे आणि त्याची टाकी स्वयंपाकघरात मुळीच धुवायची नाही.

कंटाळा आला की सोपा उपाय सुचतो. वेरूळच्या कुंडात नाहीतर शेतातल्या विहिरीत सोडून देऊ, जीव वाचवल्याचं पुण्य! पण हे परकं कासव दांडगं. आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं, रोगही पसरवतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली.

मग देशी कासव पाळावं का? तेही नाही. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव किंवा आपल्या तळ्यातलं कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांच्या घरी लाल पट्ट्याचं कासव आधीच आहे, त्यांनी त्याला मोठा टब द्यावा, चढून बसायला कोरडा दगड ठेवावा, रोज थोडं कोवळं ऊन दाखवावं. सांभाळणं अशक्यच झालं तर प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारावं, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. पण तळ्यात सोडू नये.

आणि अजून आणलं नसेल, तर दुकानात मुलाला आधी भाकरीचा आकार हाताने दाखवा. मग विचारा, हिचं पाणी वीस वर्षं कोण बदलणार?