कॅमकॉर्डरचे चित्र : काही दृढमूल समज

हौशी चित्रपटनिर्मितीची आकांक्षा धरणारे तरुण कॅमकॉर्डर घ्यावयास जातात, तेव्हा खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्यांवरून यंत्राची योग्यता ठरविण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की, त्या आकड्यांचा पडद्यावर उमटणाऱ्या चित्राशी नेमका संबंध काय, हे विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. 'फोर-के' चित्रात ३८४० गुणिले २१६० बिंदू असतात, म्हणजे 'फुल एचडी'च्या १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चौपट, हे गणित निर्विवाद आहे. परंतु घरगुती कॅमकॉर्डरमधील सेन्सर पुष्कळदा जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा असतो, आणि तेवढ्याच क्षेत्रफळात चौपट बिंदू बसविले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाशाचा चतुर्थांशच येतो, ही बाब खोक्यावर छापण्याची तजवीज कोणी केलेली नसते. १९९८ साली कान महोत्सवात परीक्षक मंडळाचे पारितोषिक मिळविणारा थॉमस विंटरबर्ग यांचा 'फेस्टेन' हा डॅनिश चित्रपट मुठीत मावणाऱ्या मिनी-डीव्ही कॅमकॉर्डरवर चित्रित झाला होता, आणि त्या पद्धतीत युरोपात ७२० गुणिले ५७६ इतकेच बिंदू मिळत. त्याचे चित्र खरखरीत आहे खरे. पण कुटुंबातील दडपलेले पाप जेवणाच्या मेजावर उघडे पाडणाऱ्या त्या कथेला ती खरखर शोभून दिसते.

सर्वांत अनर्थकारक समज मात्र निराळाच आहे. कॅमकॉर्डरला अंधारातही 'दिसते', तेव्हा दिव्यांची यातायात कशाला, असे पुष्कळांना मनापासून वाटते. वस्तुस्थिती अशी की, प्रकाश अपुरा पडताच यंत्र 'गेन' वाढविते, म्हणजे सेन्सरकडून आलेला क्षीण संकेत विद्युत्‌शक्तीने फुगविते. सहा डेसिबलला तो दुप्पट होतो आणि अठरा डेसिबलला आठपट. सभेत पुटपुटणाऱ्या वक्त्याचा आवाज ध्वनिक्षेपकाने मोठा करावा, तर समोरची कुजबुजही तितकीच मोठी व्हावी, तसा येथे संकेताबरोबर त्यातील गोंगाटही वाढतो आणि काळ्या भागांत दाणे वळवळू लागतात. एवढ्यावरच हा प्रकार थांबत नाही. चित्राचे संक्षेपण करणारी यंत्रणा त्या वळवळीलाच तपशील समजून आपली मर्यादित क्षमता तिच्यावर खर्च करते, आणि नटाचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत होऊन बसतो. यावरील उपाय स्वस्त आहे. नटास खिडकीजवळ बसवावे आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तक्ता धरावा; दिवा लहान असेल तर तो निम्म्या अंतरावर आणल्याने प्रकाश जवळजवळ चौपट होतो, म्हणून महागडा दिवा भाड्याने आणण्यापूर्वी असलेला दिवा पुढे सरकवून पाहावा. अर्थात प्रकाश विपुल असला म्हणजे झाले, असेही नाही. वैशाखातील माध्यान्हीचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत अशा काळ्या सावल्या पाडते की, त्यापेक्षा आंब्याच्या गर्द सावलीची कड शतपटीने बरी.

यंत्राला सर्व मुखत्यारी देऊन मोकळे होणे, हाही असाच एक सोयीस्कर भ्रम. पांढऱ्या पातळातील स्त्री चौकटीतून गेली की स्वयंचलित एक्स्पोजर दचकून सारा देखावा काळवंडून टाकते. त्याचप्रमाणे पिवळ्या बल्बचा सुमारे ३२०० केल्विनचा आणि दिवसाचा सुमारे ५६०० केल्विनचा उजेड एकत्र आला की व्हाइट बॅलन्स भर प्रसंगात रंग बदलीत राहतो. दोन्ही आरंभी ठरवून कायम करावीत. अमेरिकेतील आप्तांनी धाडलेल्या कॅमेऱ्यांची आणखी एक कैफियत असते: आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदास १०० वेळा उजळतो आणि मंदावतो, तर तिकडील यंत्र ६० आवर्तनांच्या हिशेबाने शटर चालविते. चित्र लुकलुकू लागते आणि दोष बिचाऱ्या यंत्रावर येतो, वास्तविक शटर १/५० वा १/१०० वर नेले की बहुधा तक्रार मिटते.

झूमविषयी थोडक्यात. 'डिजिटल झूम' ही केवळ चित्राचा मधला तुकडा कापून ताणण्याची क्रिया असल्याने ती बंदच ठेवावी. काचेच्या झूममध्ये प्रकाश घटतो आणि हादरे वाढतात, म्हणून ट्रायपॉड हवाच. परंतु पार्श्वभूमी धूसर करणे या चिमुकल्या सेन्सरला एरवी साधत नाही, ते मागे सरून, झूम वाढवून आणि नटास भिंतीपासून दूर उभे करूनच थोडेफार साधते. कॅमेरा हलवावयाचाच असेल तर मालेगावच्या हौशी चित्रपटकारांनी सायकलीचा जसा ट्रॉलीसारखा उपयोग केला, तसे काही योजावे. सेकंदास २४ चौकटी ठेवल्या की चित्राला 'सिनेमाचे रूप' येते, या समजुतीचा येथे परामर्श घेण्याचेही कारण नाही. बोलपटांबरोबर रूढ झालेली ती गती लग्नाच्या चित्रफितीलाही देता येते, आणि ती चित्रफीत लग्नाचीच राहते.

उरला संकलनात सारे सुधारून घेण्याचा भरवसा. काळोखलेला भाग संगणकावर थोडाबहुत उजळता येतो, गोंगाटासह का होईना. पण जेथे पांढरा रंग पूर्णपणे जळून गेला, तेथे सेन्सरने काही नोंदलेलेच नसते, आणि नसलेल्या नोंदीची नक्कल कोणत्याही दप्तरातून मिळत नाही. पुष्कळ कॅमकॉर्डरांत अशा अतितेजस्वी जागांवर 'झेब्रा'चे तिरपे पट्टे दाखविण्याची सोय असते. ते पट्टे नायकाच्या कपाळावर दिसू लागले तर चित्रण थांबवून त्यास दोन पावले सावलीत घ्यावे, खिडकीबाहेरच्या आकाशावर दिसले तर खुशाल दिसू द्यावेत.