ब्रेक पातेल्याचा बरा की ताटाचा?

"मामा, तू ब्रेक दाबला होतास ना? मग गाडी थांबली का नाही?"

भाच्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. पण त्या वेळी मी उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. माझे हातपाय अजून लटपटत होते.

त्याचं झालं असं. आम्ही सुट्टीत कोकणात गेलो होतो. तिथे किनाऱ्यावर बुटक्या, चार फुगीर टायरांच्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या गाड्या भाड्याने फिरवायला मिळत होत्या. इंग्रजीत त्यांना 'ऑल टेरेन व्हेइकल' म्हणतात, म्हणजे कसल्याही जमिनीवर चालणारी गाडी. थोडक्यात एटीव्ही. भाचा आठवीत. त्याला ती चालवायचीच होती. मी "नाही" म्हटलं, तसा तो फुरंगटून बसला आणि मी मात्र गाडीवर बसलो.

ओलसर वाळूवरून गाडी मजेत निघाली. वाटेत एक ओहोळ समुद्राला मिळत होता. पाणी उडवत गाडी त्यातून पलीकडे काढली. चाकं निम्मी बुडाली होती. आणि पुढे पाहतो तर काय, वाळूत दोघं कोळी जाळं दुरुस्त करत बसलेले! ब्रेक दाबला. मघापर्यंत छान लागणारा ब्रेक आता लागेचना. साबणाच्या पाण्यावरून घसरावी तशी गाडी पुढेच निघाली! कसंबसं हँडल वळवलं, गाडी वरच्या भुसभुशीत वाळूत घुसली आणि रुतून थांबली. त्या दोघांपासून फार तर पाच-सहा पावलांवर.

गाड्या सांभाळणारे काका धावत आले. "पाण्यातून काढलीत ना? ड्रम भिजला असणार," ते म्हणाले. "पाण्यातून बाहेर आलं की ब्रेक हलकेच दाबत थोडं चालवायचं. सुकला की धरतो बरोबर."

हे आधी सांगितलं असतं तर! पण खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. गाडी सुरू कशी करायची ते विचारलं. थांबते कशी ते विचारलंच नाही.

दोस्तांनो, घरी आल्यावर भाच्याने माझी पाठ सोडली नाही. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात शिरलो.

पातेलं आणि ताट

एक पातेलं घ्या. ते आडवं धरून कुणाला तरी गरागरा फिरवायला सांगा. तुम्ही आत हात घालून दोन बोटं आतल्या बाजूने भिंतीला दाबा. पातेलं थांबेल. झाला ड्रम ब्रेक! चाकाबरोबर फिरणारं पातेलं म्हणजे ड्रम. आत अर्धगोल आकाराचे दोन 'ब्रेक शू' असतात, त्यांच्यावर खरखरीत लायनर बसवलेला असतो. ब्रेक दाबला की शू बाहेर पसरतात आणि ड्रमच्या भिंतीवर आतून घासतात.

आता एक ताट घ्या. ते उभं फिरवा आणि कड अंगठा व बोटाच्या चिमटीत धरा. झाला डिस्क ब्रेक! ताट म्हणजे डिस्क, चिमूट म्हणजे कॅलिपर आणि अंगठा-बोट म्हणजे दोन ब्रेक पॅड. कॅलिपरमधला पिस्टन सरकवतं ते नळीतलं ब्रेक ऑइल. बंद द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात असेलच.

भाचा म्हणाला, "अरे मामा, मग माझ्या सायकलचा ब्रेकसुद्धा ताटाचाच की! रबरं रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात." शाब्बास! सायकलची रिम म्हणजे एक भलंमोठं ताटच.

ब्रेक म्हणजे शेगडी

गाडी थांबली की तिचा वेग कुठे जातो? तळहात एकमेकांवर जोरात चोळा. गरम झाले ना? बस्स, तिथेच जातो. घर्षणामुळे गाडीच्या गतीची उष्णता होते. म्हणजे ब्रेक ही एक प्रकारची शेगडीच.

जरा हिशोब करू. समजा, गाडी आणि चालवणारा मिळून वजन ३७० किलो आहे. ही गाडी ३०० मीटर उंचीची टेकडी हळूहळू, सारख्या वेगाने उतरली, तर जवळजवळ ११ लाख ज्यूल उष्णता तयार होते. साधारण साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणायला एवढी उष्णता पुरते! त्यातली थोडी इंजिन, टायर आणि हवा वाटून घेतात. पण सतत ब्रेक दाबून उतरलं तर बरीचशी त्या बिचाऱ्या ब्रेकच्याच वाट्याला येते.

आता पातेलं आणि ताट यांच्यातला खरा फरक दिसतो. ड्रममध्ये घासणं आत चालतं, बाहेर झाकण. उष्णता लवकर बाहेर पडत नाही. त्यात गंमत बघा, तापला की धातू प्रसरण पावतो. ड्रम तापून मोठा होतो, म्हणजे शूपासून लांब जातो! ब्रेक आणखी आत दाबावा लागतो. फार तापल्यावर लायनरची पकडही कमी होते. याला 'ब्रेक फेड' म्हणतात. डिस्क मात्र उघड्यावर असते, तिला वारा लागतो. ती तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते.

म्हणजे डिस्क ब्रेकला काही होतच नाही का? तसंही नाही. फारच तापला तर नळीतलं ब्रेक ऑइल उकळू शकतं. त्याच्या वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पॅडपर्यंत जोर पोहोचतच नाही. ब्रेक दाबला की स्पंज दाबल्यासारखं वाटतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि ओलावा मुरला की ते आणखी लवकर उकळतं. म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं.

खंडाळ्याचा घाट उतरताना एस.टी.चे ड्रायव्हरकाका गाडी खालच्या गिअरमध्ये का ठेवतात, ते आता कळलं? इंजिनानेच गाडीला मागे ओढून धरावं आणि ब्रेकच्या शेगडीला विसावा मिळावा म्हणून!

दोघं एकाच वयाचे

तुम्हाला वाटेल, ड्रम ब्रेक जुना आणि डिस्क ब्रेक नवा. पण दोघं जवळजवळ एकाच वयाचे आहेत. फ्रान्सच्या लुई रेनॉं यांनी १९०२ साली आपल्या मोटारीला ड्रम ब्रेक बसवला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पण लँचेस्टरचे पॅड तांब्याचे. ते कर्कश्श किंचाळायचे आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर पटापट झिजायचे. मग पन्नासेक वर्षं ड्रमचंच राज्य चाललं.

१९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार पहिली आली. इतरांचे ड्रम तापून थकत होते, पण जॅग्वारचा ड्रायव्हर वळणाच्या अगदी जवळ येईपर्यंत वेग न सोडता येऊ शकत होता. १९५५ मध्ये सिट्रोएनच्या डीएस मोटारीला पुढे डिस्क आल्या, १९६९ मध्ये होंडाच्या सीबी ७५० मोटारसायकललाही आली.

आणि लगेच १९७० साली होंडाने अमेरिकेत पहिली एटीव्ही विकायला काढली. हिवाळ्यात बर्फ पडलं की मोटारसायकली खपत नसत, तेव्हा दुकानदारांना विकायला काहीतरी हवं होतं. ओसामू ताकेउची या इंजिनिअरने ही गाडी तयार केली. तिला चाकं तीनच होती, टायर फुग्यासारखे. तिला ब्रेक कुठला? ड्रम! तोही मागच्या बाजूलाच. पुढच्या चाकाला ब्रेकच नव्हता. तीन चाकांच्या या गाड्या वळताना उलटत. अपघात इतके वाढले, की १९८८ साली अमेरिकेत नव्या तीनचाकी एटीव्ही विकणं बंद झालं. तोपर्यंत चारचाकी आल्याच होत्या.

चिखलाचा पेपर

भाच्याने लगेच विचारलं, "डिस्क इतकी हुशार, तर मग एटीव्हीला ड्रम का बसवला?"

कारण रस्ता आणि रान यांत फरक आहे. शर्यतीच्या रस्त्यावर परीक्षा असते ती उष्णतेची. शेतात, ओढ्यात, वाळूत परीक्षा असते चिखलाची आणि पाण्याची. डिस्क उघडी, त्यामुळे चिखल थेट तिच्यावर. चिखलात बारीक वाळू असते. ती पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरली, की पॉलिश पेपरसारखी दोघांना झिजवते. शिवाय एटीव्हीचं चाक लहान, त्यामुळे डिस्क जमिनीच्या जवळ. दगडावर आपटून ती वाकूही शकते. ड्रमचं झाकण या सगळ्यापासून बचाव करतं.

पण झाकणाचा दुसरा गुणही लक्षात ठेवा: जे आत जात नाही ते बाहेर राहतं, आणि जे आत गेलं ते आतच राहतं! डिस्कवरचं पाणी चाक फिरताच उडून जातं, उरलेलं पॅड पुसून काढतात. दोन-चार फेऱ्यांत ब्रेक पूर्ववत. ड्रममध्ये शिरलेलं पाणी मात्र कोंडून बसतं. लायनर आणि भिंत यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि पकड सुटते. माझं नेमकं हेच झालं होतं. समुद्राचं खारं पाणी तर आत गंजही चढवतं. म्हणून ड्रमच्या कडेला रबराचं सील असतं. ते जुनं होऊन फाटलं, की झाकण असून नसल्यासारखं.

मग इंजिनिअर लोकांनी तिसरी युक्ती काढली. काही एटीव्हींच्या मागच्या बाजूला आता एक बंद डबा असतो. त्यात ताटल्यांची चळत, आणि ती चक्क तेलात बुडवलेली! तेलात ब्रेक? हो! ताटल्या एक सोडून अनेक असल्याने तेलातही पुरेशी पकड मिळते, तेल उष्णता वाहून नेतं आणि डबा बंद असल्याने चिखल-पाण्याला दारच नाही. अर्थात हा ब्रेक महाग आणि उघडून दुरुस्त करायला कटकटीचा. साधा ड्रम स्वस्त आणि गावातला मेकॅनिकही तो पान्याने उघडू शकतो. फुकट काहीच मिळत नाही!

तर मग बरा कोणता?

भाच्याने वहीत लिहिलेलं उत्तर मला फार आवडलं: "वेग आणि मोठा उतार असेल तर ताट. चिखल आणि हळू काम असेल तर पातेलं. पण आपल्या गाडीला कुठला आहे ते माहीत नसेल, तर दोन्ही वाईट."

हे फक्त एटीव्हीचं नाही. घरच्या स्कूटरला, मोटारसायकललाही एका चाकाला डिस्क आणि दुसऱ्याला ड्रम असतो कित्येकदा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, की मागेपुढे पाहून, कमी वेगात ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून बघायचा. लागला तर पुढे. नाही तर सुकेपर्यंत सावकाश. आणि हेही विसरू नका, वेग दुप्पट केला की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. त्यापुढे पातेलंही दमतं आणि ताटही.

एक गोष्ट आई-बाबांसाठी. किनाऱ्यावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी "मुलालाही चालवू द्या, सोपी आहे," असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. मोठ्यांची एटीव्ही १६ वर्षांखालच्या मुलांनी चालवू नये, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. गाडी जड असते, उलटली तर अंगावर येते. मोठ्यांनीही हेल्मेट घालावं आणि निघण्याआधी ब्रेक तपासावा. मी हे शहाणपण उशिरा शिकलो.

करून बघा

सायकल स्टँडवर लावा. मागचं चाक पॅडलने फिरवा, ब्रेक लावा आणि किती फेऱ्यांत थांबतं ते मोजा. मग रिमवर तांब्याभर पाणी ओता आणि ब्रेकचा दांडा तेवढाच दाबून पुन्हा मोजा. नंतर ब्रेक हलकेच लावत चाक थोडा वेळ फिरवा आणि तिसऱ्यांदा मोजा. तीनही आकडे वहीत मांडा. फिरत्या आऱ्यांत बोटं घालायची नाहीत बरं का!

आमचे आकडे आम्ही सांगत नाही. तुमचे तुम्हीच काढा. एवढंच सांगतो, ते बघून भाचा म्हणाला, "मामा, त्या दिवशी मला 'नाही' म्हणालास ते बरं केलंस."